आधी खुराडं, मग कोंबड्या

कोंबड्या पाळायचं मनात आलेला माणूस पहिला प्रश्न जातीचा विचारतो. गिरिराज घेऊ की वनराज? कावेरी बरी की गावठी? कडकनाथाला खरंच एवढा भाव येतो का? माझी सगळी नोकरी पाटण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून झाली. हातात सिरिंज दिसली की गावाच्या लेखी माणूस डॉक्टरच, त्यामुळे निवृत्तीनंतरही हे प्रश्न माझ्या ओट्यावर येऊन बसतात. माझं उत्तर ठरलेलं असतं. जातीचं नंतर बघू, रात्री त्या झोपणार कुठं ते आधी दाखवा.

हे उत्तर फारसं कुणाला रुचत नाही. पिल्लं आणण्यात हौस आहे. खुराड्यात वाकून वाळलेली विष्ठा खरवडण्यात कसली हौस? पण नवख्या माणसाच्या कोंबड्या कशानं मरतात, हे मी दारोदार फिरून पाहिलंय. जात चुकली म्हणून मेलेली कोंबडी मला आठवत नाही. रात्री मुंगूस शिरलं, पावसात तूस ओलं राहिलं, फटीतल्या गोचिडांनी रक्त शोषलं, कोंदट हवेत छाती भरली, अशा कारणांनी मेलेल्यांना मात्र गणती नाही. ही सगळी दुखणी घराची आहेत, पक्ष्याची नव्हेत. म्हणून माझं म्हणणं असं की जिथं जुनं खुराडं उभं आहे, तिथं पहिला पैसा त्याच्या डागडुजीला लागला पाहिजे. घरधन्याचाही आणि सरकारचाही.

आमच्या आळीतल्या बापूंचंच बघा. नवी मुंबईत तुर्भ्याच्या बाजारात गोण्या वाहून पाठ झिजवलेला हा माणूस. पाटण-जावळीतल्या कित्येक घरांच्या चुली अशा माथाडी कमाईवर पेटल्या. माथाड्यांचे नेते अण्णासाहेब पाटीलही याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. गेल्या उन्हाळ्यात बापू कायमचे गावी आले. त्यांची म्हातारी आई होती तोवर दारात पाच-दहा कोंबड्या असायच्याच. ती गेल्यावर खुराड्यात फुटकी कौलं, सायकलचा टायर आणि चिंध्यांचं एक पोतं, एवढंच उरलं होतं. मुलानं मोबाइलवर एक तयार लाकडी घर दाखवलं. लाल छप्पर, इवलीशी शिडी, किंमत पंधरा हजारांच्या वर.

"डॉक्टर, हे मागवू का?"

"बापू, हे प्लायवूड. आपला आषाढ बघितलाय का त्यानं?"

शेजारच्या कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आमच्याकडे त्याहून कमी, पण प्लायवूडचे पापुद्रे सुटायला तेवढाही पुरतो. उलट म्हातारीचं खुराडं गोठ्याच्या भिंतीला टेकून, दगड-मातीत बांधलेलं. लांबी पाच फूट, रुंदी तीन फूट, पुढं वर सरकवायची फळी. भिंती अजून ओळंब्यात होत्या. जोतं अंगणापेक्षा हातभर उंच, म्हणजे पाणी आत यायचा प्रश्न नाही. जागा म्हातारीनं विचार करून निवडलेली होती. सकाळचं ऊन दारात येतं, पश्चिमेचा पाऊस गोठा अडवतो. ही अक्कल विकत मिळत नाही, ती जुन्या बांधकामाबरोबर फुकट येते. दहा कोंबड्यांना रात्रीच्या मुक्कामापुरती कोंबडीमागे दीड चौरस फूट जागा पुरते, कारण दिवसभर त्या बाहेरच असतात. तेव्हा मापही बरोबर होतं.

आता जुन्याचं कौतुक पुरे, कारण जुन्यात जे लपलेलं असतं तेच नवख्याला नडतं. खुराडं दिवसा बघून कळत नाही. म्हणून बापूंना म्हटलं, रात्री बॅटरी घेऊन या, सोबत जुनी सुरी आणा. दगडांच्या सांध्यात सुरीचं टोक घालून खरवडलं आणि खाली धरलेल्या पांढऱ्या कागदावर करड्या, चपट्या गोचिडी पडल्या. बापू दचकून मागं सरले. "इथं तर किती वरसं कोंबडी न्हाई, ह्या जगल्या कशा?" जगतात. कोंबडीची ही गोचीड दिवसा फटीत दडते, रात्री बाहेर येऊन रक्त पिते आणि परत फटीत जाते. काही खायला मिळालं नाही तरी ती वर्षभराहून अधिक काळ तग धरते. तिच्या पोटातून स्पायरोकिटोसिसचा ताप पसरतो. तुरा पांढरा पडतो, विष्ठा हिरवी होते, पक्षी मान टाकून बसतो. नवखा माणूस म्हणतो, रोग आला. रोग आलेला नसतो, घरातच वाट बघत बसलेला असतो.

यावर पूर्वी गावात एकच इलाज होता, गॅमेक्झिनची पावडर. ती बीएचसी. तिच्यावर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे, तरी कुणाच्या तरी माळ्यावर डबा निघतोच. तो उघडू नका. कोंबडी जे टिपते ते अंड्यात उतरतं आणि अंडं नातवंडाच्या ताटात जातं. आम्ही दुसरा मार्ग धरला. आधी आतला सगळा मातीचा गिलावा पाडला. गवंड्याकडून ब्लो लॅम्प आणून दगडाच्या प्रत्येक सांध्यावरून ज्योत फिरवली, लाकूड आणि गोठ्याची बाजू सांभाळून, शेजारी पाण्याची बादली ठेवून. मग सिमेंटनं दर्जा भरल्या. फट राहिलीच नाही तर गोचीड लपणार कुठं? वरून चुन्याचे दोन हात दिले. कळीचा चुना विरवताना उकळतो आणि उडतो, तेव्हा डोळ्यांना चष्मा हवाच. दाराची जुनी चौकट मात्र चिरांनी भरलेली होती, ती काढून जाळली. त्यानंतर लगेच पक्षी आणले नाहीत. पंधरवडा जाऊ दिला, पुन्हा रात्री सुरी-कागद घेऊन तपासलं, मगच पुढं गेलो.

जमिनीखालीही बिऱ्हाडकरू होते. मातीच्या तळात घुशीची दोन बिळं निघाली, एक थेट गोठ्यातल्या पेंडीच्या पोत्यापर्यंत. घूस मोठ्या कोंबडीच्या वाटेला सहसा जात नाही, पण पिल्लू आणि अंडं सोडत नाही. वर तिच्या बिळातून साप येतो. वीतभर माती उकरून बाहेर टाकली, खाली दगडाची खडी ठोकून वर शहाबादी फरशीचे तुकडे सिमेंटात बसवले आणि दाराकडं थोडा उतार दिला. फरशीवर दोन-तीन इंच भाताचं तूस. हे तूस कोरडं राहणं हाच अर्धा दवाखाना आहे. रक्ती हगवणीचे जंतू विष्ठेतून पडतात, पण ओल आणि ऊब मिळाल्याशिवाय ते रोग देण्याजोगे होत नाहीत. मूठभर तूस हातात दाबा. सोडल्यावर सुटं झालं तर ठीक, गोळा राहिला तर त्याच दिवशी बदला.

आता हवा. म्हातारीच्या खुराड्याला दाराशिवाय एक भोकही नव्हतं. जुनी खुराडी बहुतेक अशीच असतात, कारण मुंगूस आणि रानमांजराच्या भयानं माणसं सगळं लिंपून टाकत. त्यात चार-पाच गावठी कोंबड्या निभावून जात. दहा कोंडल्या की विष्ठेतून उठणारा अमोनिया माणसाच्याही डोळ्यांत चुरचुरतो. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकून ती अंगातली उष्णता बाहेर काढते. ती बंद खोलीत उकडते ते उन्हाळ्यात, आणि तिची छाती भरते ती पावसाळ्यात. म्हणून कौलांखाली समोरासमोरच्या दोन बाजूंना वीतभर उंचीची पट्टी मोकळी केली. झोपलेल्या पक्ष्याच्या डोक्याच्या वरून वारा वाहिला पाहिजे, अंगावरून नाही.

पट्टी मोकळी केली म्हणजे जाळी आली, आणि इथं नवखा माणूस हमखास फसतो. बाजारात जिला कोंबडी जाळी म्हणतात, ती षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. तिची पिळलेली तार दोन पावसाळ्यांत गंजते आणि रानमांजर ती पंजानं उसवतं. घ्यायची ती अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची वेल्डेड जाळी, जस्ताचा मुलामा दिलेली. आणि ती खिळा वाकवून अडकवायची नाही. लाकडी पट्टीखाली दाबून स्क्रूनं आवळायची. मुंगसाचं डोकं शिरलं की अंग शिरतंच. एका रात्रीत ते खातं एक आणि मारतं सगळ्या. फळीलाही वरच्या अंगाला कडी आणि आडवी खीळ लावली, कारण जुनी फळी पावसात फुगून अर्ध्यात अडकायची आणि खाली चार बोटांची फट राहायची. तेवढी फट चोराला दरवाज्यासारखी.

आणि दांडी. खुराड्यात कोंबडीला जमिनीवर झोपायला लावणं म्हणजे तिला तिच्या विष्ठेत झोपवणं. पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीतला राखाडी रानकोंबडाही त्या वंशात मिसळलेला आहे. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग त्याच्याकडून आला, हे २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून पुढं आलं. हे दोघंही रात्री झाडावर बसतात. कोयनेच्या रानातली ही सवय दारातल्या कोंबडीतही शिल्लक आहे. तिला उंचावर पाय रोवल्याशिवाय नीट झोप लागत नाही. बापूंनी जांभळीच्या दोन फांद्या तासल्या, मनगटाहून थोड्या बारीक, कडा गोल केलेल्या. दोन्ही एकाच उंचीवर बसवल्या, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी. एका पक्ष्याला सात-आठ इंच जागा धरली. अंड्यांसाठी अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढा घातलेली दोन खोकी, दांडीपेक्षा खाली. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं पुरतं. वर ठेवलं तर त्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात.

सगळा खर्च झाला साडेतीन हजार. त्यात गवंड्याचा रोज, जाळी, सिमेंट, चुना, फळी. दगड, कौलं, फांद्या घरच्याच. मग आठवड्याच्या बाजारातून आठ तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या, आणि एक कोंबडा आला. पहिल्या चार-पाच संध्याकाळी त्यांना हातानं उचलून दांडीवर बसवावं लागलं, पुढं दिवस मावळला की त्या आपणहून आत जायला लागल्या. वहिनी आता अंडी मोजतात आणि बापू हिशेब लिहितात. माझ्या मते हिशेबही वहिनींनीच लिहावा, पण तो त्यांच्या घरचा मामला.

आता सरकारकडं वळतो. परसातल्या कोंबड्यांसाठी आपल्याकडे योजना आहेत, आणि त्या चांगल्या हेतूनं आलेल्या आहेत. निम्म्या अनुदानावर २५ तलंगा आणि ३ नर, किंवा एक दिवसाची १०० पिल्लं, असे गट वाटले गेले. २०२१ साली शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीशी जोडून १०० पक्ष्यांच्या शेडसाठी ४९,७६० रुपये धरले होते. दोन्हींच्या मध्ये एक माणूस सुटतो. ज्याच्या दारात जुनं खुराडं आहे, ज्याला दहाच कोंबड्या पाळून बघायच्या आहेत, आणि ज्याला १०० पक्ष्यांचं रोजचं दहा किलो खाद्य परवडणार नाही, तो. त्याच्या हातात पिल्लं पडतात. त्यांना ठेवायची जागा त्यानं बघायची. वाटपाच्या दिवशी फोटो निघतो. महिन्यानं कुणी मोजायला जात नाही, आणि गेला तर मेलेल्या पिल्लांचा दोष लाभार्थ्याच्या कपाळी बसतो.

गणित साधं आहे. एका नव्या शेडच्या पैशात बापूंच्यासारखी चौदा खुराडी नीट होतात. शेड नको, असं मी म्हणत नाही. ज्याला धंदा करायचा आहे त्याला शेड मिळालंच पाहिजे. माझा आग्रह एवढाच की पक्षी वाटण्याआधी खुराडं तपासा, आणि ते दुरुस्तीजोगं असेल तर त्या दुरुस्तीला पैसे द्या. तपासायला तज्ज्ञ लागत नाही. 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पशुसखी गावोगाव आहेत, त्यांना बॅटरी, सुरी आणि पांढरा कागद द्या. फटी, तळ, वारा, जाळी, दांडी, दार या सहा गोष्टी बघायला एका घरी अर्धा तास पुरतो. रक्कम बाईच्या नावानं जावी, कारण खुराडं आजही तीच झाडते आणि अंड्याचा पैसा घरात खरा तिच्याच हाताला लागतो. निम्मे पैसे कामाआधी, निम्मे काम बघून.

यातून आणखी एक अडचण सुटते. मानमोडीची लस, म्हणजे राणीखेतची, शेकड्यांच्या मात्रांच्या बाटलीत येते, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी बाटली फोडायला कुणी धजत नाही, म्हणून परसातल्या कोंबड्या बिनलसीच्याच राहतात आणि एका साथीत आळी रिकामी होते. एका वाडीतली दहा-पंधरा खुराडी एकाच वेळी नीट झाली, पक्षी एकाच आठवड्यात आले, तर एक बाटली सगळ्यांत पुरते. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा, आठव्या आठवड्यात आर-टू-बी, हे वेळापत्रक मग कागदावरून वाडीत उतरतं.

आक्षेप येतील. पहिला, दहा कोंबड्यांनी कुणाचं भलं होणार? गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. दहा कोंबड्यांची झाली सहाशे ते आठशे. मध्येच त्या खुडूक होतात, रवणावर बसतात, पिल्लं काढतात, ती जमा वेगळी. यावर कुणी बंगला बांधणार नाही; पण पोरांच्या ताटात अंडं येतं आणि अडीअडचणीला एखादा कोंबडा विकला जातो. मुख्य म्हणजे नवखा माणूस दहांवर शिकतो. शंभरांवर शिकायला गेला तर शिकवणीचा खर्च फार होतो. दुसरा आक्षेप बर्ड फ्लूचा. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात देशातली पहिली साथ आली, तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले, आणि अशा वेळी परसातल्या कोंबड्याही वाचत नाहीत. ही भीती खरी आहे. पण ती मोडक्या खुराड्याची बाजू घेत नाही. जाळी लावलेल्या, खाद्य झाकून ठेवलेल्या जागेत रानपक्षी आणि उंदीर कमीच शिरतात.

प्रत्येक जुनं खुराडं वाचवावं असंही नाही. भिंतीला पोट आलं असेल, तळात पावसाळाभर पाणी साचत असेल, वरचा सिमेंटचा जुना पत्रा तडकला असेल, तर मोह सोडा. पत्रा कापू तर अजिबात नका, त्यात ॲसबेस्टॉस असतं. नुकत्याच साथीत त्याच जागी कोंबड्या मेल्या असतील, तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय तिथं पीसही नेऊ नका. बाकी दगडाचं, कौलाचं, चांगल्या जोत्याचं खुराडं पाडून प्लायवूड उभं करणाऱ्याला मी हौशी म्हणेन, शहाणा म्हणणार नाही.

पुढच्या ग्रामसभेत कोंबडीवाटपाचा विषय निघाला तर लाभार्थ्यांच्या नावांआधी खुराड्यांची यादी मागा. कुणाच्या दारात काय उभं आहे, त्याला किती पैसे लागतील, ते कधी होईल, हे त्या यादीत असू द्या. ज्याचं खुराडं रात्रीच्या तपासणीत उतरलं, त्याच्या हाती पहिली तलंग द्या. तोवर वाटप थांबलं तरी चालेल. अंडी उबवणी केंद्रातून पिल्लं पुढच्या महिन्यातही निघणार आहेत.